कमानीसाठी थांबवलेली बस

मित्रांनो, लोणार तालुक्यातल्या एका महाविद्यालयाच्या आवारात, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली जी निळी बस उभी असते, ती मी. माझा पत्रा जागोजागी ठोकून सरळ केलेला आहे आणि मागचे दार आतून दोरीने बांधावे लागते. आमच्या भागातले सगळे खड्डे माझ्या ओळखीचे आहेत. पण महाविद्यालयाच्या रौप्यमहोत्सवात मला जो हादरा बसला, तसा एकाही खड्ड्याने दिला नव्हता. अजून तो दिवस आठवला की वाटते, हे खरेच घडले का?

माझा जन्मच मुळी वर्गणीतून झाला. महाविद्यालयाला दहा वर्षे झाली, तेव्हा संस्थेची माणसे गावोगाव फिरली. बाहेरगावच्या मुली बारावीनंतर घरी बसू नयेत, एवढेच त्यांचे मागणे होते. लोकांनी सोयाबीन विकून आलेल्या पट्टीतून दिले, दुधाच्या हिशोबातून दिले. मग जालन्याच्या एका गॅरेजमध्ये माझ्या अंगावर पत्रा चढला, आसने बसली आणि मी इकडे आले. पहिल्या सकाळी गावागावात बायकांनी मला हळदकुंकू लावले. माझा चालक मोतीराम याचे तेव्हा नुकतेच लग्न झाले होते. हळदीचा हात स्टिअरिंगला लागू नये म्हणून तो फार जपत होता.

त्या पहिल्या वर्षी पुष्पांजली नावाची मुलगी खिडकीशी बसून पाठांतर करत यायची. पुढे ती शिकली आणि याच महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवू लागली. मुली तिला मॅडम म्हणू लागल्या. अशा कितीतरी मुली मी नेल्या-आणल्या. अलीकडच्या वर्षांत माझ्यात बसणारी अपेक्षा त्यांच्यातलीच एक. तिचे वडील भगवंतराव शेडनेटच्या जाळीखाली मिरचीचे बियाणे तयार करतात. त्या घरातून बारावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. भगवंतरावांनी मोतीरामला सुरुवातीलाच सांगितले होते, "गाडी दारातून नेते अन् दारात आनून सोडते, म्हनून पाठवून राह्यलो. नाहीतर आमची हिंमत नोती."

वर्षे सरली तशी माझ्याकडे बघणारे कमी झाले. आसने फाटली, चढावर धाप लागू लागली. मोतीराम दुरुस्तीचे बोलला की कार्यालयातून उत्तर यायचे, "पाहू पुढे."

मग रौप्यमहोत्सव जवळ आला. एके दिवशी मला धुतले, बॉनेटवर झेंडूची माळ चढवली आणि मंडपाशेजारी उभे केले. मला वाटले, माझाही सत्कार होणार. महाविद्यालयाच्या भावी विकासासाठी निधी जमा होत होता आणि भगवंतरावांनीही त्यात आपला वाटा दिला होता. नवी बस येणार, असेच त्यांनी धरून ठेवले होते.

संस्थेचे अध्यक्ष भाषणाला उभे राहिले. त्यांच्या मागे एक मोठे चित्र झळकले. भव्य कमान, तिच्यावर महाविद्यालयाचे नाव, पुढे कारंजे. जमलेल्या निधीतून आधी कमान होणार, असे त्यांनी जाहीर केले. टाळ्या झाल्या. मग त्याच आवाजात ते म्हणाले, "आपली बस आता जुनी झाली आहे. तिचा खर्च परवडत नाही. उद्यापासून ती बंद करत आहोत."

पुढच्या रांगांत टाळ्या चालूच होत्या. मागे बसलेल्या मुलींचे हात मात्र तसेच थांबले. मोतीराम माझ्या पायरीवर बसला होता. त्यालाही कोणी आधी सांगितले नव्हते. 

भगवंतराव उभे राहिले. "साहेब, आमच्या गावाले सकाळची एसटी नाही. पोरी कशात येतीन?"

"आपण एसटीसाठी अर्ज करू," अध्यक्ष म्हणाले.

"तवरक?"

"विकासात थोडी गैरसोय होतेच, भाऊ. बसा तुम्ही."

भगवंतराव खाली बसले. थोड्या वेळाने उठून बाहेर आले. अपेक्षा त्यांच्या मागे धावत आली. माझ्याजवळ येऊन ते म्हणाले, "आता राहू दे बाई कॉलेज."

"बाबा, प्रॅक्टिकल तोंडावर आले."

"मले काय हौस आहे का? फाट्यापर्यंत सारं रान. तुले एकटीले कसं पाठवू?"

आवाजात राग नव्हता, भीती होती.  अपेक्षाने माझ्या दाराची कडी क्षणभर धरली आणि ती वडिलांबरोबर गेली. माळ घातलेली मी तशीच उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी मला प्रयोगशाळेच्या खिडकीखाली लावून ठेवले. तिथून आतले सगळे दिसायचे. सूक्ष्मदर्शक मांडलेले असत, पण त्यांच्यापुढे बसायला मुली नसत. पुष्पांजली मॅडम प्राचार्यांकडे पुन्हा पुन्हा गेल्या. "थोडं थांबा," एवढेच त्यांना ऐकायला मिळाले. तिकडे फाटकापाशी कमानीचे खांब वर चढत होते.

एका सकाळी अध्यक्ष खांब पाहायला आले. मॅडम त्यांच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "सर, जरा वर्गात येता का?"

ते आले. आत दोन मुले होती.

"बाकीचे सुट्टीवर आहेत?"

"नाही सर. बाकीच्या घरी आहेत. बस बंद झाली त्या दिवसापासून."

अध्यक्ष तिथेच उभे राहिले. रिकाम्या स्टुलांवरून त्यांची नजर हलेना. त्यांच्या स्वतःच्या घरातली मुले गाडीने शिकायला जात. सगळ्यांकडे काही ना काही साधन असेलच, असे त्यांनी मनापासून मानले होते. वाईट हेतू नव्हता, मित्रांनो. त्यांनी फक्त कधी विचारले नव्हते. ते बाहेर आले, माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मोतीरामला म्हणाले, "चालू होईल ही?"

"इंजिनचं काम केलं तं होईन, साहेब."

कमानीचे काम थांबले. त्या पैशातून माझे इंजिन उघडले, टायर बदलले, कागदपत्रे नवी झाली. उन्हाळा लागता लागता मी पुन्हा रस्त्यावर आले. पहिल्या दिवशी मॅडमही सोबत निघाल्या. थांब्याथांब्यावर मुली चढत होत्या, काही रडत, काही हसत. मला तर वाटत होते, पंख फुटले.

अपेक्षाच्या थांब्यावर तिची आई मंजुळाबाई एकटीच उभी होती.

"अपेक्षा कुठं आहे, काकू?" मॅडमनी खिडकीतून विचारले.

मंजुळाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "गेली ते सासरी. घरीच बसून राह्यली होती, पाव्हने आले, बैठकीतच लग्न जमलं. धामनगाव बढ्याले देली." मग हळूच म्हणाल्या, "जाताना म्हने, आई, गाडी चालू झाली तं मले सांगजो. आता काय सांगू तिले?"

 मोतीरामने इंजिन बंद केले. धामणगाव बढे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. तिथवर माझा रस्ता जात नाही. पुष्पांजली मॅडम खाली उतरल्या आणि मंजुळाबाईंचा हात धरून उभ्या राहिल्या. 

मग मंजुळाबाईंनी विचारले, "मोतीरामभाऊ, आता रोज येसान ना? मधात बंद नाही होनार?"

"रोज येईन, वहिनी."

"मंग धाकटी आहे माही. बारावीले बसली. निकाल लागू द्या, तिले पाठवीन. तिच्या बापाशी मी बोलन."

मित्रांनो, तुमच्या शाळेचा, महाविद्यालयाचा असाच मोठा दिवस येईल. मंडप पडेल, निधी जमेल, नव्या इमारतींची चित्रे लागतील. ते सगळे जरूर करा. पण टाळ्या वाजवण्याआधी एकदा मागच्या रांगेत बसलेल्यांना विचारा, की तुम्ही उद्या इथवर येणार कसे? आमच्याकडे हे विचारायला उशीर झाला. मी दुरुस्त झाले, पण अपेक्षाचे ते वर्ष कोणत्याही गॅरेजमध्ये दुरुस्त होत नाही.