बापाच्या वाटणीची वाइन

"ही बिअर नाय रं! बर्फानशी काढ ती!" गोटीराम ओरडला.

बिअरच्या टबात कोणीतरी त्याच्या वाइनच्या बाटल्याही खुपसल्या होत्या. घणसोली गावात आज त्याच्या नातीची, सोनलची हळद होती. मुलगा हरेश बाटल्या पुसून टेबलावर मांडू लागला.

"टेन्शन नका घेव बाबा. पोरं सोडा टाकाय निघाली व्हती, तेवढं तरी वाचलं."

शहर आलं आणि भातशेती गेली. भावकीनं खोल्या बांधून भाड्यानं दिल्या. गोटीरामनं मात्र दिंडोरीला माळरान घेऊन द्राक्षं लावली, वाइनची. वेली फ्रेंच जातीच्या आणि रीतही तिकडचीच. पहाटेच्या गारव्यात हातानं तोडणी, सालीसकट आंबवणं, मग ओकच्या लाकडी पिंपात वर्षभर मुरवणं. घरातली सगळी त्यात राबली. गावात त्याला 'आंबटपानी' म्हणत. तो हसून सोडून देई. आपला माल चोख आहे हे त्याला ठाऊक होतं. आज त्याला एकच हवं होतं. हळदीआधी पितरांना दारूची धार सोडतात, ती आपल्या वाइनची असावी.

तो मान थोरल्या बहिणीचा, गोजराबाईचा. तिच्या हातात गावठीची बाटली तयारच होती.

"बाय, ही घे. ही सोड."

"येडा झालास? बापूस जलमभर गावठी प्याला. त्याला ह्या लाल पान्याचं काय?"

"त्याची जमीन गेली तवा दिंडोरीची घेतली. तिचंच पीक हाय ह्ये. पीक आलं की पयलं कोनाला?"

गोजराबाईनं गावठी खाली ठेवली. नव्या भाताचा पहिला घास वाडवडिलांचा, हे लहानपणी तिनंच त्याला शिकवलं होतं. तिनं वाइनच्या बाटलीच्या तोंडाशी बोट ओलं करून जिभेला लावलं.

"तुरट हाय."

"आसतेच तशी."

"बापूस तरी कुठं गोड व्हता," ती म्हणाली, आणि बायका खो खो हसल्या.

तिनं वाकून धार सोडली. अंगणभर पेव्हर ब्लॉक होते. लाल ओघळ सरळ गटाराकडे धावला.

"घेत नाय बग तो," मागून कोणीतरी कुजबुजलं. गोजराबाईनं बाटली सरळ केली.

"त्याच्यापरेंत पोचलीच नाय, तो घेल कसा?" गोटीराम म्हणाला. "हरेश, पहार आन."

दोन ब्लॉक निघाले. गोटीराम स्वतः उकिडवा बसला आणि वाळू, मग खडी हातानं बाजूला सारत गेला. खाली काळी माती लागली. एके काळी इथं त्यांचं खळं होतं.

"आता सोड, बाय."

गोजराबाईनं बाटली तिरकी केली. माती वाइन लगेच प्याली. तिनं आणखी ओतली, तीही गेली. बाटली निम्म्याच्या खाली गेली तरी ती थांबली नाही, आणि गोटीरामनं तिला थांबवलं नाही.