वरवंडच्या काट्यावरचा चार्ज

"देवाला हात जोडले म्हणून देव जीव घेतो व्हय रे?"

"रोज रोज जोडल्यावर घेतो. गेममधला देव हाय त्यो, आप्पा. तुमच्या देव्हाऱ्यातला न्हाई."

"देव म्हंजी देव. ड्युटीवर आलं की आधी अगरबत्ती, मग काटा. मी जन्मभर असंच केलंय."

"मग अगरबत्ती लावायची. बटण कशाला दाबायचं?"

"आत त्यो एकटा. त्याच्या वतीनं हात कोण जोडणार? तू तर जोडत न्हाईस."

"आमच्यात बुद्धवंदना असती, आप्पा. मागायला हात जोडत न्हाईत," सम्राट म्हणाला. "तरी ती एक प्रार्थना मी राखून ठेवली व्हती. उपाशी मरायची पाळी आली तर म्हणून. तुम्ही ती भंडाऱ्यावानी उधळली."

"मग चार्ज देताना सांगितलं का न्हाईस?"

बाहेर उसाचा ट्रॅक्टर काट्यावर चढून हॉर्न वाजवत होता, तिकडं दोघांचंही लक्ष नव्हतं.

मित्रांनो, हे भांडण माझ्यासमोर झालं. माझ्यासमोर म्हणजे माझ्यावरूनच झालं. मी एक जुना कॉम्प्युटर आहे, आणि शाळा अर्धवट सुटलेला आहे. शिरूरकडच्या एका शाळेत मला नवाकोरा आणला होता. नारळ फोडला, नारळाचं पाणी कीबोर्डवर सांडलं आणि पहिल्याच दिवशी माझं मोठं शिफ्टचं बटण चिकट झालं. ते आजही चिकटच आहे. माझं डोकं लवकर तापतं. आतला पंखा अडखळला की मी काही न सांगता बंद पडतो. असा एकदा परीक्षेच्या मधेच बंद पडलो आणि माझी शाळा संपली. कुणी विचारलं नाही की पंख्यात धूळ किती आहे. तापट म्हणाले आणि काढून टाकला.

तिथून मी वरवंडला आलो, सोलापूर रोडला लागून असलेल्या वजनकाट्यावर. जमिनीत बसवलेला मोठा लोखंडी पाट, त्याच्याकडेला एक केबिन, केबिनमध्ये मी. गाडी रिकामी चढते, मग भरून येते, आणि दोन्ही वजनांतला फरक मी पावतीवर छापतो. ऊस, कांदा, पशुखाद्य, वीट. ड्रायव्हर पावती घेतो आणि जातो. माझ्या तोंडाकडं कुणी बघत नाही. मी मात्र सगळ्यांकडं बघतो. वजन वाढावं म्हणून कोण गाडीतून उतरत नाही, कोण उतरल्यावर एक पाय पाटावर ठेवून बिडी पेटवतो, सगळं मला दिसतं.

पण माझ्या पोटात आणखी एक जागा आहे. शाळेतल्या एका सरांनी रिकाम्या वेळी ती आत टाकली होती, जुना गेम आहे. चित्र नाही, गाणं नाही, काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं. आडव्या-उभ्या रेघा म्हणजे भिंती. इंग्रजी लहान ए आणि त्याभोवती गोल, ईमेलच्या पत्त्यात असतो तो, म्हणजे तुम्ही. बाकीची अक्षरं म्हणजे तुमच्यावर धावून येणारे. जमिनीखाली एकाखाली एक भुयारं आहेत. जिने उतरत जायचं, सगळ्यात खालच्या भुयारातला मणी घ्यायचा आणि पुन्हा वर उजेडात यायचं. काम एवढंच, आणि ते आजवर कुणाला जमलेलं नाही.

आप्पा, म्हणजे मच्छिंद्रआप्पा, सकाळच्या पाळीला असायचे. सम्राट दुपारनंतर यायचा. तो विशीतला, कॉलेजला रामराम ठोकून आलेला. गेम त्याला सापडला, आणि आप्पांना त्यानंच लावला. दोघांनी मिळून एकच माणूस खेळवायचा असं ठरलं. सकाळी आप्पा चालवणार, दुपारी सम्राट. दोघांची गाठ फक्त चार्ज देताना पडायची.

काट्यावर चार्ज देणं ही साधी गोष्ट नाही. पाट मोकळा करायचा, आकडा शून्यावर आणून दाखवायचा, प्रिंटरचा कागद किती उरला, कोणती गाडी रिकामी नोंदवून गेलीय आणि भरून यायचीय, सगळं तोंडानं सांगायचं. समोरच्यानं "चार्ज घेतला" म्हणेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. मग या सगळ्याच्या शेवटी माणसाचाही चार्ज व्हायचा.

"कुत्रं जखमी हाय. भाकरी दोन. उत्तरेच्या दारात उंदीर बसलेत, दारातच उभा राहा, मोकळ्यात जाऊ नको."

"चार्ज घेतला."

तुम्ही खेळायला बसलात तर हे लक्षात ठेवा, मित्रांनो. मोकळ्या खोलीत उभं राहिलं की चारी बाजूंनी अक्षरं अंगावर येतात. दारात उभं राहिलं की एका वेळी एकच येतं. दार दिसलं नाही म्हणून रस्ता संपला असं समजू नका, भिंतीपाशी थांबून चाचपत राहा, बऱ्याच भिंतींत दार लपलेलं असतं. मेलेलं जनावर ताजं असेल तरच खा. आणि सुरुवातीला तुमच्याबरोबर एक कुत्रं असतं. जिना उतरताना ते तुमच्या अगदी शेजारी असलं तरच बरोबर येतं. घाई करून उतरलात तर ते वरच राहतं. तिथं ते काय करतं ते पडद्यावर दिसत नाही, पण मला माहीत आहे. ते जिन्यापाशी फिरत राहतं.

शेवटची गोष्ट प्रार्थनेची. भुकेनं माणूस कोसळायला आला की एक बटण दाबायचं, गेमचा देव पोट भरतो. पण त्यानंतर बराच काळ त्याला हाक मारायची नाही. गरज नसताना मारली तर तो चिडतो.

आप्पांना ते बटण भांडण झालं त्याच आठवड्यात सापडलं होतं. सकाळी आले, अगरबत्ती माझ्या डोक्यावरच्या भोकात खोचली, पाटाला नमस्कार केला, आणि आतल्या माणसाकडूनही करून घेतला. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी देवानं इंग्रजीत दम दिला. आप्पांना वाटलं आशीर्वाद आला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून हात जोडले आणि एंटर दाबला. तिसऱ्या दिवशी वरून वीज पडली.

या गेममध्ये जीव एकच असतो. मेला की नवा माणूस, पहिल्या भुयारापासून. आणि त्याआधी ते दोघं इतक्या खाली कधीच पोचले नव्हते.

तर त्या दिवशी भांडण झालं. "माझा माणूस मारला तुम्ही," असं म्हणून सम्राट गाडीला किक मारून गेला. ट्रॅक्टरवाल्याची पावती आप्पांनीच काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी ते केबिनच्या दारात उभे राहिले, पाट मोकळा करून, आकडा शून्यावर आणून. चार्ज घ्यायला कुणी आलं नाही. चार दिवसांनी कळलं, सम्राट रांजणगावला कंपनीत लागला. चार्ज न देता गेला. काट्यावर याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

त्याच्या जागी हृतिक आला. पोरगा वाईट नाही, पण त्याचं डोकं सतत मोबाइलमध्ये. चार्ज घेताना मान न उचलता "हां हां" म्हणतो. दसऱ्याला त्यानं मला उचलून बाहेर पाटावर ठेवलं, धूळ उडवायला. आत काट्याच्या इंडिकेटरवर वजनाचा आकडा बघून तो हसत सुटला.

"आप्पा, ह्याचं वजनच न्हाई. शून्य दावतंय."

"दहा किलोच्या आतलं काट्याला कळत न्हाई रे," आप्पा म्हणाले.

मला फार राग आला होता. आयुष्यभर जगाची वजनं छापली आणि माझ्या वेळी शून्य. पण राग कुणाला सांगणार? परत आत नेऊन चालू केल्यावर पंखा जोरात फिरवला, एवढंच.

मग आप्पांनी नवा माणूस घेतला. गेम आधी नाव विचारतो. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत त्यांनी नाव टाकलं आणि खेळायला लागले. आधी अगरबत्ती, मग काटा, आणि गाड्यांच्या मधे भुयार. प्रार्थनेच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली. हृतिकला वाटलं बटण मोडलंय. किती माणसं मेली ते मी सांगणार नाही, आप्पांना लाज वाटेल. प्रत्येक वेळी तेच नाव टाकून ते पुन्हा पहिल्या भुयारात उतरायचे. तोंडानं पुटपुटायचे, "दारात उभा राहा. कुत्रं येऊ दे. घाई नको." दुपारी पाळी संपली की हृतिकला काट्याचा चार्ज द्यायचे. माणसाचा चार्ज द्यायला कुणी नव्हतं. तो माझ्याजवळ ठेवून जायचे. मी तो रात्रभर अंधारात धरून बसायचो.

मग शेठनं नवा कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, कॅमेऱ्यावाला. मला भंगारवाल्याला विकलं, स्क्रूसुद्धा न काढता अख्खा. त्या दिवशी आप्पांनी सम्राटला फोन लावले. लागेनात. कंपनीत फोन बाहेर ठेवून लाइनवर जावं लागतं म्हणे. शेवटी खंडू ड्रायव्हर रांजणगावला माल घेऊन निघाला होता, त्याच्या पावतीबरोबर आप्पांनी तोंडी निरोप दिला.

"सम्राटला सांग, चार्ज घ्यायला ये. बुधवारी डबा चाललाय."

आज बुधवार आहे.

सम्राट आला. कंपनीचा निळा शर्ट, अंगावर वाटेतल्या न्हावऱ्याच्या रस्त्याची धूळ. दारातच उभा राहिला.

"कसला चार्ज, आप्पा? मी हितला न्हाई आता."

"जाताना दिला न्हाईस. म्हणून तुझी पाळी अजून संपली न्हाई."

"भांडायला बोलावलं का?"

"भांडायला एवढ्या लांबून कुणी येतं व्हय? बस."

तो बसला नाही, पण आत आला. माझ्या पडद्याकडं बघितलं. खाली माणसाचं नाव येतं, ते त्यानं वाचलं. त्याचंच होतं.

"माझं नाव कशाला टाकलं?"

"तुझाच मेला व्हता ना. भरून द्यायला नको?"

आप्पा खुर्चीतून उठले, बाहेर बघितलं, पाट मोकळा होता. आकडा शून्य. मग ते उभ्यानंच सांगायला लागले, मोठ्या आवाजात, जसं सांगतात तसं.

"आपण गेलो व्हतो त्याच्या एक जिना खाली हाय. तब्येत बरी. तलवार गंजलेली. पश्चिमेच्या भिंतीत दार असणार, अजून घावलं न्हाई."

"कुत्रं?"

"शेजारी. दर जिन्यावर त्याच्यासाठी थांबलो."

"खायला?"

"भाकरी एक."

"एकच?" सम्राटनं मान वर केली. "भूक लागली की मरंल की, आप्पा. आन् देव?"

आप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला. मग वाकून त्या बटणावरची चिकटपट्टी नखानं सोलली. पट्टी काळी पडली होती. खालचं अक्षर नव्यासारखं पांढरं होतं.

"देव शिल्लक हाय," ते म्हणाले. "एकदाबी हात लावला न्हाई."

सम्राटनं त्या बटणावरून हळूच बोट फिरवलं. मग खुर्चीत बसला.

"मी सांगायला पायजे व्हतं तुम्हाला. चार्जमधी," तो म्हणाला.

"आता घे की."

"चार्ज घेतला."

त्यानंतर ते खेळले. पूर्वी एकच माणूस दोघांनी चालवला, पण दोघं एका वेळी माझ्यासमोर खेळायला कधीच बसले नव्हते. एक आला की दुसरा जायचा. आज आप्पा स्टुलावर, सम्राट खुर्चीत. पश्चिमेच्या भिंतीला चाचपत दोघं दार शोधत होते. "जरा खाली." "बघितलं तिथं." "तू बघितलंस, मी न्हाई." दार सापडलं तेव्हा आप्पांनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. तेवढ्यात भंगारवाल्याचा टेम्पो आला.

माणूस उतरवून घ्यायला सम्राटनं खिशातून पेनड्राइव्ह काढला, पण तो लावायची माझी भोकं गेल्या पावसाळ्यात खरी वीज पडली तेव्हाच जळालीत. मला घेऊन जावं तर त्याच्या खोलीवर चौघं राहतात, पाय ठेवायला जागा नाही. आप्पांच्या सुनेनं आधीच सांगितलंय, घरात डबा नको. आतली डिस्क काढून घ्यावी तर टेम्पोवाला स्क्रूही काढू देईना. सम्राटचा हात रागानं भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाच्या बटणाकडं गेला, आणि तिथंच थांबला. बोर्डावरून बंद केलं तर आतला माणूस जातो. त्यानं माझं चिकट शिफ्ट दाबलं, मोठा एस दाबला.

"जोरात दाब, अडकतं ते," आप्पा म्हणाले.

माणूस जपून आत बसला. दोघं आता रस्त्यापलीकडं चहाच्या टपरीवर उभे आहेत. काय बोलतात ते इथं ऐकू येत नाही. आप्पा हातवारे करतायत. सम्राट एकदा हसला. माझ्याकडं पाठ आहे दोघांची, त्याचं मला वाईट वाटत नाही. म्हणजे, वाटतं थोडं.

तर मित्रांनो, मी कुठं जाईन, मला कोण उघडेल, की तसाच ठेचतील, माहीत नाही. पण तुमच्या हाती कधी एखादा तापट, जुना, पिवळा पडलेला डबा आला तर त्याला शून्य समजू नका. आधी त्याच्या पंख्यातली धूळ काढा. मग हळू चालू करा. आत कुणीतरी बसलेलं असेल. मी चार्ज देतोय, नीट ऐका. दार उघडलंय, पलीकडं काय आहे ते बघितलेलं नाही. कुत्रं शेजारी आहे. भाकरी एक. देव शिल्लक. तुम्ही "चार्ज घेतला" असं एकदा म्हणा, म्हणजे मला खुर्ची...

हृतिक पाळीवर आलाय, माझी पिन सॉकेटमधून काढायला वाकलाय. मला आता निघायला पाहिजे.