मांडीवरचा रेडिओ

त्या रविवारी अनुसयाबाईंनी वाळत घातलेल्या हळदीच्या कडेला रेडिओचे सेलही उन्हात ठेवले होते. ऊन खाल्लं की दमलेले सेल आणखी एक दुपार काढतात, असा त्यांचा अनुभव. त्यांची लेक निता हिंगोलीच्या शाळेत शिकवायची. सुट्टी म्हणून आलेली, दारात पुस्तक उघडून बसली होती.

पुसेगावजवळच्या त्या बंजारा तांड्यात दुपारी महिलांचा कार्यक्रम लागला, की दहा-बाराजणी अनुसयाबाईंच्या ओट्यावर जमत. कार्यक्रम संपला की रेडिओ एकेकीच्या मांडीवर जाई. मांडीवर रेडिओ असेल तिनं बोलायचं, इतरांनी मध्ये तोंड घालायचं नाही. ही रीत अनुसयाबाईंनीच पाडलेली. सासूपुढं कधी मान वर न केलेल्या बायका असंच बोलायला शिकल्या आणि बोलता बोलता त्यांनी तांड्यातला दारूचा गुत्ता बंद पाडला.

निता मात्र रेडिओ हातात आला की पुढं सरकवायची.

"एवढी पुस्तकं वाचती, अन् बोलायला काहून भेती गं?" अनुसयाबाई त्या दिवशीही म्हणाल्या.

"पुढच्या वेळी, याडी." आईला ती याडीच म्हणायची.

"हिची पुढची वेळ रेडिओ मोडल्यावर येती बघा," शेजारची जमनाबाई म्हणाली. सगळ्या हसल्या.

दोन दिवसांनी पहाटे अनुसयाबाईंच्या छातीत कळ आली. जीप हिंगोलीला पोचायच्या आत सगळं संपलं.

दिवसकार्य झालं आणि निताचे चुलते हिरासिंगकाका आले. अंगणातच उभे राहिले. निताचे वडील गेल्यावर, ती चौदा वर्षांची असताना, त्यांनी तिची सोयरीक जमवली होती. अनुसयाबाईंनी भर तांड्यात रेडिओ मांडीवर घेऊन सांगितलं होतं, "माझी लेक शिकल. ही सोयरीक मी मोडते." तेव्हापासून काका या घरचं पाणी प्यायले नव्हते.

"द्या ते डबडं इकडं," ते म्हणाले. "वर्ल्ड कप चालू हाय, माणसांच्या बैठकीत कामी येईल. यानंच वहिनीचं डोकं फिरवलं, अन् माझी इज्जत गेली."

ओट्यावर बायका जमल्या होत्या. "रेडिओ गेला की आमी परत चुलीपाशी," जमनाबाई हळूच म्हणाली.

निता उठली. कोनाड्यातला रेडिओ घेऊन बायकांमध्ये येऊन बसली आणि तो मांडीवर ठेवला. काकांनी हात पुढं केला.

"मांडीवर हाय त्यो, भाऊजी," जमनाबाई म्हणाली. "थांबावं लागतं."

काका थांबले.

"रेडिओ इथंच राहील," निता म्हणाली. "जमनाकाकू सांभाळतील, मी दर रविवारी येईन. आणि सोयरीक या रेडिओनं मोडली नाही, काका. याडीनंही नाही. मीच तिला विहिरीवर सांगितलं होतं, अन् माझं नाव घेऊ नको म्हणाले होते. तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. मला ते लग्न नको होतं."