रक्तपेढीच्या दोन वाटा

मित्रांनो, नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं तिसऱ्या मजल्यावर, खिडकीपासून दुसऱ्या टेबलावर एक करडा चपटा डबा बसलेला असतो. तो मी. राउटर. वय वर्षं चौदा. माणसांत चौदा म्हणजे आठवी-नववीतलं पोर. यंत्रांत मात्र पणजोबा!

माझं काम सांगायला सोपं आहे. इंटरनेटवरचा प्रत्येक निरोप लहान लहान पाकिटांत बांधून निघतो. मी चौकात उभा राहून पाकिटाचा पत्ता वाचतो आणि सांगतो, ‘तू या वाटेनं जा, तू त्या वाटेनं.’ शिट्टी नसलेला हवालदारच म्हणा ना.

कारखान्यात जन्मलो तेव्हा दोन दिवस मला तापलेल्या खोलीत सलग चालवलं. जे त्या तापात बंद पडले ते तिथंच राहिले, मी टिकलो. मग नोएडातल्या एका बातम्यांच्या कचेरीत आठ वर्षं चाकरी केली. दसऱ्याला मला गंध-फूल वाहायचे. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी सगळी कचेरी माझ्याकडे हात जोडून बघायची. आणि एके दिवशी एक नवा, सडपातळ राउटर आला. माझी वायर काढली, मोडक्या खुर्च्यांखाली मला सरकवलं. दोन वर्षं तिथंच होतो. माझ्या पंख्यात पालीनं अंडी घातली, आणखी काय सांगू?

तिथून मला नरसिंह सरांनी उचललं. हे सर सर्व्हरची जाळी सांभाळणाऱ्यांना, म्हणजे नेटवर्कच्या कारभाऱ्यांना, शिकवतात. रविवारी मयूर विहारच्या मंडळात कीर्तनाला टाळ धरून उभे राहतात. त्यामुळे त्यांचं शिकवणंही तसंच. आधी तत्त्व सांगायचं, मग त्यावर आख्यान लावायचं, आणि मधूनच मुलांकडून एखादं वाक्य तीनदा म्हणवून घ्यायचं. माझ्या पाठीवर बोटांनी ठेका धरून ते म्हणायचे, “जगासाठी ठेवलेले सर्व्हर ओसरीत, घरचे माजघरात. पाहुणा ओसरीपर्यंत येईल, माजघरात जाणार नाही. म्हणा!”

दिल्लीतच वाढलेला सुयश हात वर करायचा. “सर, माजघर म्हणजे बेडरूम ना?”

“तुझ्या फ्लॅटमध्ये तसंच समज, बाबा. पण पाहुण्याला तिथं नेऊ नकोस.”

वर्ग खदाखदा हसायचा, पण धडा पक्का बसायचा.

याच वर्गात वैभवी होती. वाशीमकडची. कलेक्टर व्हायचं म्हणून दिल्लीला आली, तीन वेळा परीक्षा दिली, तीनदा थोडक्यात राहिली. मग रडत बसली नाही. इथं नाव घातलं. वडिलांचा फोन यायचा तेव्हा ती माझ्याच टेबलाशी उभी असायची. “या महिन्यात नोकरी लागली तर ठीक, नाहीतर गावी परत ये,” असं ते निक्षून सांगत. महिन्यातले दहा दिवस उरले होते.

आमच्या केंद्राची शेवटची परीक्षा कागदावर होत नाही. खऱ्या जागेसाठी इंटरनेटची जोडणी आखून चालवून दाखवायची. वैभवीच्या वाट्याला मयूर विहारमधली एक छोटी धर्मादाय रक्तपेढी आली. आसपासची इस्पितळं इंटरनेटवरूनच तिला विचारत, कोणत्या गटाचं किती रक्त आहे? हा साठा ओसरीतल्या सर्व्हरवर. रक्तदात्यांची नावं माजघरात. पेढीनं शब्द दिला होता, की आखणी पसंत पडली तर तिलाच आम्ही नोकरीवर घेऊ.

वैभवीनं सुरेख आखणी केली. एक वाट बंद पडली तर दुसरी हवी, म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन तारा. पहिलीवर पेढीचा नवा राउटर, दुसरीवर चाचणीपुरता मी. नरसिंह सरांनी कागद पाहिला, मान डोलावली, सही केली.

चाचणीच्या सकाळी ऑटोत मी तिच्या मांडीवर बसून गेलो. शेजारी सुयश, पुढं ड्रायव्हरजवळ अंग चोरून सर. एवढ्या वर्षांनी खरं काम! माझा जीव हरखून गेला होता.

पेढीचे व्यवस्थापक भाऊसाहेब दारातच उभे होते. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अख्खी नोकरी काढलेले, प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती मागणारे. वैभवीनं मला जोडलं, सगळं दोनदा तपासलं आणि पहिल्या कंपनीची तार नव्या राउटरमधून काढली.

साठा दाखवणारा संगणकाचा पडदा थिजला. मी सर्व्हरची हाक ऐकली आणि दुसरी वाट उघडली. नऊ सेकंदांत साठा पुन्हा दिसू लागला.

“शाब्बास!” भाऊसाहेब ओरडले. “आमच्या काळी एक फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला नऊ दिवस लागायचे!” त्यांनी पेन उघडलं.

वैभवी मात्र भिंतीकडे बघत होती. “सर, दोन्ही तारा एकाच भोकातून आत आल्यात.”

“अगं यार, भोक एक असलं म्हणून काय झालं?” सुयश कुजबुजला. “कंपन्या दोन आहेत ना? सही होऊ दे, चलो!”

“भाऊसाहेब, मला थोडा वेळ द्या. या तारा पुढं कुठं जातात ते बघून येते.”

“आत्ता? मी पेन उघडलंय, मुली!”

“झाकण लावून ठेवा. शाई वाळेल.” आणि ती गेलीसुद्धा.

खरं सांगतो मित्रांनो, मला तिचा रागच आला. माझा हिरवा दिवा लखलखत होता, आणखी काय हवं? पण माझीही एक मर्यादा आहे. मला फक्त पुढचा मुक्काम ठाऊक असतो. तार कोणत्या नळीतून जाते, कोणत्या खड्ड्याकाठून वळते, हे मला कधीच दिसत नाही. मी निवांत होतो, कारण मी आंधळा होतो.

अर्ध्या तासानं ती परत आली. सलवार चिखलानं भरलेली, हात काळे.

“दोन्ही तारा फाटकाजवळच्या एकाच चेंबरमध्ये उतरतात. तिथून कोपऱ्यापर्यंत एकाच नळीतून जातात. तीनशे दहा पावलं, मी मोजली. दोन्ही कंपन्यांनी एकच नळी वापरलीय. आणि त्या नळीला लागूनच नाल्याचं खोदकाम चाललंय. जेसीबीचा एक दात लागला की दोन्ही तुटतील.”

भाऊसाहेबांनी पेन खिशात ठेवलं. मग भाऊसाहेब म्हणाले, “म्हणजे मी पास करत होतो, आणि तूच नको म्हणतेस?”

“हो.”

“उद्या विश्वस्तांची बैठक आहे. त्यांना काय सांगू मी?”

“सांगा, वैभवी नापास झाली. आणि आठ दिवस मागतेय.” तिची नजर खाली गेली नाही.

नरसिंह सर पुढे आले. “त्या कागदावर माझीही सही आहे, भाऊसाहेब. मी कागद पाहिला, गल्ली नाही पाहिली. नापास लिहायचं तर दोन नावं लिहा.”

भाऊसाहेबांनी चष्मा पुसून परत चढवला. “आठ म्हणजे आठ,” ते म्हणाले. “नववा नाही.”

परतीच्या वाटेवर सुयशनं त्या खोदकामाकडे वळून पाहिलं. अक्षरधाम मागं पडल्यावर म्हणाला, “मी येतो तुझ्यासोबत. शिडी धरायला तरी!”

“शिडी नाही, झाडू धर. दुसरी वाट आता पेढीच्या गच्चीवरून न्यायचीय, आणि ती गच्ची कुणी कित्येक वर्षांत झाडलेली नाही.”

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. वैभवी म्हणाली, “बाबा, नापास झाले. नाही, परत येत नाहीये. चूक कुठं आहे ते मला सापडलंय, आता दुरुस्त केल्याशिवाय कशी येऊ?” पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. फोन ठेवून तिनं डोळे पुसले आणि कोरा कागद पुढं ओढला.

या वेळी दुसरी वाट जमिनीखालून नव्हतीच. गच्चीवर अँटेनाची एक छोटी तबकडी, आणि तिच्या समोर दूरच्या इमारतीवर दुसऱ्या कंपनीची तबकडी. निरोप हवेतून जायचा. मधे कडुलिंबाची फांदी येत होती. कंपनीचा माणूस म्हणाला, “काट देते हैं.” वैभवी म्हणाली, “बिल्कुल नहीं. डंडा चार फुट ऊंचा कीजिए.” तसंच झालं. विजेचा बोर्डही तिनं शोधला. दोन्ही राउटर एकाच बटणावर होते! मला वेगळं बटण मिळालं, वेगळी बॅटरी मिळाली.

आठव्या दिवशी पुन्हा चाचणी. तिनं खोलीतली तार काढायला साफ नकार दिला. सुयशला कंपनीच्या माणसाबरोबर फाटकाजवळच्या चेंबरपाशी पाठवलं आणि फोनवर म्हणाली, “काढा.”

भाऊसाहेब मोठ्यानं आकडे मोजू लागले. “एक... दोन... तीन...” सहाला पडदा जिवंत झाला. आणि त्याच क्षणी, देवाची लीलाच म्हणायची, नोएडातल्या एका प्रसूतिगृहाची खरीखुरी मागणी आली: ओ निगेटिव्ह, दोन पिशव्या, तातडीनं.

ती मागणी कडुलिंबावरून आली, गच्चीवरून उतरली आणि माझ्यातून आत गेली. ‘आहे, पाठवतो’ हे उत्तरही माझ्यातूनच बाहेर गेलं. प्रसादाचा द्रोण हातोहात पुढं जातो ना, तसं. त्या रांगेतला एक हात माझा होता. निकालाच्या दिवशी कचेरीनं हात जोडले होते, तेव्हाही मला असं वाटलं नव्हतं.

वैभवीनं कागद पुढं केला. भाऊसाहेबांनी तो घेतला नाही. “आधी मला गच्ची दाखव,” म्हणाले. सहासष्ट वर्षांचा तो माणूस कठडा धरधरून तीन जिने चढला, तबकडी पाहिली, फांदी पाहिली, मग फाटकाशी जाऊन चेंबरमध्ये वाकून पाहिलं. तेव्हा कुठं सही झाली. तिन्ही प्रतींवर!

वैभवी आता तिथली कारभारीण आहे. माझ्या जागी नवा राउटर आला आणि मी माझ्या टेबलावर परतलो.

मित्रांनो, म्हाताऱ्यानं काही मागावं तर एवढंच. आमच्या पंख्याची जाळी मोकळी ठेवा, अंगावरची धूळ पुसा, आम्हाला खुर्च्यांखाली ढकलू नका. पण आमच्या हिरव्या दिव्यावर डोळे मिटून विसंबूही नका. ज्या गोष्टीवर कुणाचा जीव अवलंबून आहे, तिच्या मागं एकदा तरी आपल्या पायांनी चालत जा.

आज सकाळी नवी तुकडी आली. सगळ्यांनी वह्या उघडल्या, पेन्सिलींना टोकं काढली, माना वर केल्या. नरसिंह सरांनी माझ्या पाठीवर ठेका धरला आणि म्हणाले, “वह्या मिटा. चपला घाला.”

मुलं एकमेकांकडे बघत उठली. खोली रिकामी झाली. इमारतीची तार शोधत खाली उतरणाऱ्या त्यांच्या पावलांचा आवाज मी बराच वेळ ऐकत होतो.