न केलेला फोन

“सिस्टर, एक विचारायचं होतं,” मुलगी म्हणाली तेव्हा दुपारचे दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि अतिदक्षता विभागातली सिस्टर पुढच्या पाळीला सोपवायचे कागद भराभर लिहीत होती.

“बोल.”

“आईचं काही कुणाला देता येईल का? किडनी वगैरे. तिने फॉर्म भरून ठेवला होता.” मुलीने पर्समधून चार घड्यांचा कागद काढला.

तिची आई चार नंबरच्या खाटेवर होती. शाळेचे गणवेश शिवणारी बाई. मशीनवर बसल्या बसल्या डोक्यातली शीर फुटली. मेंदू मेलाय, श्वास फक्त यंत्रामुळे चालू आहे, असं डॉक्टरांनी सकाळी दुसऱ्यांदा तपासून सांगितलं होतं.

सिस्टरने कागद हातात घेतला नाही. समोर फाइल उघडीच होती. अठरा वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर, ऑपरेशन, केमो.

“अगं, कॅन्सर झाला होता ना त्यांना? मग नाही चालत. कोण घेणार?”

आवाजात तुसडेपणा नव्हता. उलट पोरीचा एक हेलपाटा वाचवला, असंच तिला वाटलं. मुलगी “बरं” म्हणाली आणि कागद परत पर्समध्ये ठेवून खाटेपाशी गेली. असं कुणी विचारलं, की अवयवदानाचं काम बघणाऱ्यांना कळवायचं, हा नियम होता. त्यांचा नंबर टेलिफोनच्या वर भिंतीवर चिकटवलेला होता. सिस्टरने फोन केला नाही. संध्याकाळी यंत्र बंद झालं.

चार महिन्यांनी तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये सगळ्या सिस्टरांना प्रशिक्षणाला बसवलं. किडनीचे डॉक्टर बोलत होते. “कॅन्सर म्हटलं की लगेच काट मारायची नाही. कुठला होता, बरा होऊन किती वर्षं झाली, ते आम्ही बघतो. काहींच्या किडन्या घेता येतात. घेणाऱ्याला धोका सांगतो, त्याला पटलं तर बसवतो. ठरवायचं काम तुमचं नाही. तुम्ही फक्त फोन करा.”

सिस्टरने हात वर केला. सव्वीस वर्षांत तिने प्रशिक्षणात कधी प्रश्न विचारला नव्हता.

“स्तनाचा असला तर? अठरा वर्षांपूर्वीचा?”

“बघावं लागेल. तो कधीकधी फार उशिरा परत डोकं वर काढतो. कदाचित हो, कदाचित नाही.” डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. “विचारलं तर कळतं.”

त्या दिवसापासून डायलिसिसच्या खोलीवरून जाताना तिची मान आपोआप वळायला लागली. बाहेरच्या बाकावर आपल्या पाळीची वाट बघणारी माणसं बसलेली असत. एक बाई बाटलीच्या झाकणात पाणी ओतून तेवढंच पीत होती. दिवसभराचं मोजून दिलेलं पाणी तिला पुरवून प्यायचं होतं. सिस्टरला तिच्याशी नजर मिळवणं जमेना.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. पोस्टातून निवृत्त झालेला माणूस, भाजी निवडत बसला होता.

“आता जाऊन काय करणार आहेस?” तो म्हणाला. “त्या पोरीचं दुःख जरा कुठे निवलं असेल, ते परत उकरायचं? आणि तुझी नोकरी राहिली अकरा महिने. गप बस.”

“तिला वाटत असेल, आईचं काही कामाचंच नव्हतं.”

“वाटू दे. तू काय मुद्दाम केलंस?”

“मुद्दाम केलं असतं तर निदान विचार तरी केला असता मी.”

तो परत भाजी निवडायला लागला. रविवारी फाइलमधला पत्ता घेऊन ती मुलीकडे निघाली तेव्हा त्याने तिची छत्री आणून दिली, एवढंच.

मुलीने दार उघडलं आणि लगेच ओळखलं. एकच खोली, अर्धी शिवणयंत्राने आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली. सिस्टर स्टुलावर बसली. पाणी पुढे आलं, पण आधी तिने सगळं सांगून टाकलं. आपण काय बोललो, काय करायला हवं होतं, डॉक्टर काय म्हणाले. “कदाचित” हा शब्दही गाळला नाही.

मुलगी बराच वेळ यंत्राचं चाक हाताने मागेपुढे फिरवत राहिली.

“आत्याकडे आईचा पेला वेगळा ठेवायचे,” ती शेवटी म्हणाली. “हा लागणारा रोग नाही म्हणून सांगितलं तरी. आई हसायची. म्हणायची, माझा मानाचा पेला. अठरा वर्षं झाली, पण तू बरी झालीस असं तिला कुणी म्हटलंच नाही.” चाक थांबलं. “तुमच्याकडून आले आणि तो कागद फाडला मी. वाटलं, वेडी होती आई, उगाच मोठ्या गोष्टी करायची. मीसुद्धा असं म्हटलं तिला, मनातल्या मनात.”

“चूक माझी आहे, बाळा.”

“आहेच. माफ केलं वगैरे मी नाही म्हणणार.” ती उठली, वहीचं एक पान काढलं आणि पेनासकट सिस्टरच्या पुढ्यात ठेवलं. “आत्ता बोललात ते लिहून द्या. आत्याला दाखवायचंय. घरी ठेवायचंय.”

सिस्टरला नोकरीचे उरलेले अकरा महिने आठवले. तिने पान मांडीवर घेतलं आणि दवाखान्यात झालेल्या चुकीची नोंद करतात तसं, तारखेपासून सुरू करून लिहिलं. कोण आलं, काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, काय केलं नाही. खाली सही, हुद्दा, नोंदणी क्रमांक.

मुलीने उभ्या उभ्या वाचलं. मग एका ओळीवर बोट ठेवलं.

“इथे ‘कॅन्सरची रुग्ण’ लिहिलंय तुम्ही.”

सिस्टरने पान परत घेतलं. ते दोन शब्द एका सरळ रेघेने खोडले, वर ‘कॅन्सरमधून बरी झालेली’ असं लिहिलं, आणि दवाखान्याच्या शिरस्त्याप्रमाणे दुरुस्तीच्या बाजूला पुन्हा एकदा सही केली.