मुलांना दाखवण्यायोग्य

बावन्न वर्षांपूर्वी मेक्सिको सिटीहून सिनेमावाले आमच्या सान अंब्रोसिओत आले. एका विनोदी सिनेमाचं शूटिंग झालं आणि अर्धं गाव त्यात गर्दी म्हणून उभं राहिलं. तेव्हापासून तो सिनेमा गावात लागला की एक रीत आहे. पडद्यावर ज्याला स्वतःचा किंवा घरातल्या गेलेल्या माणसाचा चेहरा दिसेल त्याने उठून ओरडायचं, "हा मी!", "ही आमची आजी!" या आरडाओरड्यात सिनेमाची गोष्ट काय आहे ते कुणाला धड माहीत नाही.

मला तर नव्हतीच. मी तो कधी पाहिलाच नव्हता. त्यात आठ वर्षांची मी आहे, मक्याच्या पानात वाफवलेल्या तमालेंचं ताट घेऊन चालता चालता डुकरांच्या चिखलात तोंडावर आपटणारी. त्याच संध्याकाळी आईने मला बडवलं आणि गावाने माझं नाव 'वेंधळी' ठेवलं. पंधराव्या वाढदिवसाला इथे प्रत्येक मुलगी सगळ्यांसमोर नाचते. मी नाचले नाही. पुन्हा पडले तर, ही धास्ती. चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, निम्म्या गावाला अक्षरओळख करून दिली, तरी पाठीमागे मी वेंधळी बाईच.

यंदा बालदिनाला तोच सिनेमा मुलांना दाखवायचं एवेलिओने ठरवलं. हा नगरपालिकेत सांस्कृतिक कार्यक्रम बघतो. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, आधी पोट येतं आणि मागून तो. पण मुलांना काही दाखवायचं तर तिघांच्या समितीच्या सह्या लागतात: मुख्याध्यापक, चर्चचं सगळं बघणाऱ्या ओब्दुलियाकाकू आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मी. मी ठरवूनच गेले होते. नाही म्हणायचं आणि विषय संपवायचा.

नगरपालिकेच्या खोलीत भर दुपारी पडदे ओढून सिनेमा लावला. ओब्दुलियाकाकूंच्या हातात छापील यादी होती: चुंबन, दारू, रक्त, शिवी. एकाहीपुढे खूण झाली नाही. मुख्याध्यापक दोनदा उठून "हे माझे वडील!" म्हणून ओरडले.

मग मी आले. दोन वेण्या, जिभेचं टोक बाहेर काढून ताट सांभाळत. आणि एवेलिओ खुर्चीतून उडालाच.

"हा माझा पाय! बघा, बघा, डावीकडून! तो मी!"

पडद्याच्या कडेने एका मुलाचा पाय सरळ पुढे आला आणि मी आपटले.

"थांबव," मी म्हटलं. "पुन्हा लाव."

तीनदा लावायला लावलं. तिन्ही वेळा तोच पाय.

"दिग्दर्शकाने सांगितलं होतं तुला?"

"छे हो बाई! माझी आपली गंमत. त्यांना इतकी आवडली की तशीच ठेवली. सगळ्यात जास्त हशा इथेच पिकतो."

"गावाला माहीत आहे हे?"

"अगं, दर वेळी ओरडतो की तो," ओब्दुलियाकाकू म्हणाल्या. "तुला माहीत नव्हतं?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बावन्न वर्षं मी जमिनीकडे बघत चालले. आई मरेपर्यंत म्हणत राहिली, हिच्या हातात काही द्यायची सोय नाही. आणि हा माणूस त्यावर टाळ्या घेत होता.

"मग बाई? योग्य की अयोग्य?" त्याने कागद पुढे सरकवला.

त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी पेन उचललं आणि सही केली. योग्य.

"एकच अट," मी म्हणाले. "तुझा प्रसंग झाला की सिनेमा थांबवून दिवे लावायचे. मुलांनी तुला नीट बघितलं पाहिजे."

"बाई, तुमचं मन मोठं हो!"

कसलं मोठं! त्या आठवड्यात मला लहान मुलासारखी गाढ झोप लागली.

बालदिनाला शाळेचं सभागृह खच्चून भरलं. पहिल्या रांगेत एवेलिओ नवा शर्ट घालून बसला होता आणि शेजारी त्याची नात हिमेना. सात वर्षांची आहे, माझ्याकडे घरी वाचायला शिकायला येते. पाय पडद्यावर आला, "हा मी!" म्हणून तो ओरडला, मुलं खो खो हसली. चिखलातली मुलगी तोंड वर करते तिथे चित्र थांबलं आणि दिवे लागले. एवेलिओ उभा राहून चारी दिशांना हात हलवत होता.

मग मी उठले. रीतच आहे ना आमची.

"आणि ही मी," मी म्हणाले.

मुलांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हसू विरत गेलं.

"आजोबा," हिमेनाने विचारलं, "तुम्ही बाईंना पाडलंत?"

"गंमत गं, बाळा. सिनेमातली."

"पण त्या खरंच रडतायत." तिने पडद्याकडे बोट दाखवलं. "मग तुम्ही सॉरी म्हणालात?"

एवेलिओने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडं, कपाळावर घाम. 'अगं, ते सगळं खोटं होतं' एवढं मी म्हटलं असतं तर तो सुटला असता. हिमेना माझ्या शब्दाबाहेर नाही. तो डोळ्यांनी तेच मागत होता, आणि मला ते इतकं गोड लागत होतं की मी घाई केली नाही. मी काहीच बोलले नाही.

हिमेना उठली आणि मागच्या रांगेत मैत्रिणींमध्ये जाऊन बसली. त्याने हाक मारली. तिने मान वर केली नाही. तो तसाच उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून.

"खाली बस, एवेलिओ," मी म्हटलं. "मागच्या मुलांना दिसत नाही."