ब्लू मून आणि धोंड्याचा महिना

साहेब, तुम्ही लबाडी केलीत. जाहिरातीत छापलंत, "गावातल्या बायकांना योजना समजावून सांगणारी ताई पाहिजे, अहिराणी येणं आवश्यक." आणि धुळ्याच्या मुलाखतीत अहिराणीचा एक शब्द विचारला नाहीत. विचारलेत इंग्रजी वाक्प्रचार.

मी हेमलता. पारोळ्याजवळच्या खेड्यात नऊ वर्षं बचत गट चालवते. वय साडेसदतीस. अडतीस झालं की तुमचं दार बंद, म्हणजे ही शेवटची भरती. म्हणून मुलाखतीच्या पत्राबरोबर तुम्ही पाठवलेल्या पुस्तकातले वाक्प्रचार महिनाभर भाकरी थापता थापता घोकले. पाऊस जोराचा असला की कुत्री-मांजरी पडतात. सोपं काम म्हणजे केकचा तुकडा. आमच्याकडे केक वाढदिवसवाल्याच्या तोंडाला फासतात, तो कानातून काढणं काही सोपं नसतं; पण असो, साहेबी भाषा. नाटकात काम करणाऱ्याला "पाय मोड" म्हटलं की ती शुभेच्छा. हे ऐकून माझी सासू भिकुबाई म्हणाली, "मंग तू मुलाखतले धुयाले निंघशी तवय मी बी तेच म्हनू का व?"

सात विचारलेत, सातही सांगितले. मग तुम्ही खुर्चीत रेललात. "वन्स इन अ ब्लू मून. गावातल्या बाईला समजेल असं सांगा."

बैठकीत सांगते तसंच सांगितलं. "फार क्वचित. अक्का, धोंड्याचा महिना कसा तिसऱ्या वर्षी येतो, जावयाला धोंडे खायला बोलावतो, तसं. इंग्रजांचाही हिशेब जवळपास तोच. एका महिन्यात दोन पौर्णिमा आल्या की दुसरी ब्लू मून. तीही दोन-तीन वर्षांनीच येते."

तुम्ही हसलात. शेजारच्या मॅडमही हसल्या.

"मग आम्हाला कधी बोलावता धोंडे खायला?"

"आधी जावई व्हा, साहेब."

हसणं तिथंच थांबलं. निकालाच्या कागदावर तुमचा शेरा आला: "विषयांतर. पुस्तकातील अर्थ सांगितला नाही." पुस्तकातला अर्थ होता 'क्वचित'. माझ्या उत्तराचा पहिलाच शब्द.

निवड झाली नाशिकच्या सोनलची. पोरगी चांगली आहे, तिच्यावर माझा राग नाही. गावातल्या पहिल्या बैठकीत ती तासभर बोलली. लाभार्थी, निकष, प्रस्ताव, त्रुटी. पुढं बसलेल्या मंजुळाबाई मला कोपर मारून म्हणाल्या, "हेमा, हाई पोर काय बोली राह्यनी? माले काहीच समजनं नही." मी उठले, दहा मिनिटांत सांगितलं. बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या, बायकांनी अर्ज भरले. सोनलनं ग्रुपवर फोटो टाकला, तुम्ही त्याला अंगठा दाखवलात.

आणि काल तुमचा फोन. "हेमलताताई, सहा महिने सोनलबरोबर फिरा. मानधन नाही, पण अनुभव मिळेल."

नऊ वर्षांचा अनुभव घेऊन मी धुळ्याला आले होते, साहेब. तेव्हा तुम्हाला तो दिसला नाही, कारण तुम्ही चंद्र बघत होतात.

सोमवारी पुढची बैठक आहे. सोनल येईल, बायका येतील. मी यायचं की नाही, ते तुमच्या उत्तरावर. फोन नको, लेखी पाहिजे, सही-शिक्क्यानिशी: जे काम मला येतं म्हणून आज बोलावता, त्याच कामात मला नापास का केलंत?